रोल कोरा निघाला, तर आधी कडा बघा

वाचकांचे प्रश्न : फिल्म फोटोग्राफी

या खेपेला घरी रोल धुणाऱ्या वाचकांची पत्रं जास्त आली आहेत. वाचून फार बरं वाटलं. फिल्मवर फोटो काढणारे पुष्कळ भेटतात, पण रोल स्वतः धुवायला घेणारे कमी. फक्त एक विनंती आहे. काय बिघडलं ते सगळ्यांनी सविस्तर लिहिलंय, पण निगेटिव्ह कशी दिसते ते फार थोड्यांनी. ज्यांच्याकडे मी हे काम शिकले ते स्टुडिओवाले गुरुजी कोणालाही ‘कॅमेरा कोणता?’ असं आधी विचारत नसत. ‘निगेटिव्ह दाखव’ म्हणत, आणि ती दिव्यासमोर धरून काय झालं असेल ते सांगत. ती सवय मलाही लागली आहे, आणि तुम्हालाही लागावी असं वाटतं.

प्रश्न : ताई, घरात पडून असलेला जुना मेकॅनिकल एसएलआर दुरुस्त करून घेतला. ३६ फोटोंचा कृष्णधवल रोल काढला आणि घरीच धुतला. टाकीतून बाहेर काढला तर सगळा पारदर्शक! डेव्हलपर, फिक्सर दोन्ही नवे होते. कॅमेरा बिघडलाय की धुताना काही चुकलं?

रोल टाकून दिला नसेल अशी आशा करते. तो उजेडात धरा आणि फोटोंची जागा सोडून कडेला, छिद्रांच्या बाहेर बघा. फिल्मचं नाव आणि १, १ए, २, २ए असे आकडे दिसतात का?

हे आकडे शाईने छापलेले नसतात. कारखान्यात फिल्म तयार होतानाच ते प्रकाशाने उमटवलेले असतात. म्हणजे तुमच्या फोटोंसारखेच तेही आधी अदृश्य असतात आणि डेव्हलपर लागल्यावरच काळे होऊन दिसू लागतात. तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी काही संबंध नाही, म्हणून निदान करायला यांच्याइतका भरवशाचा साक्षीदार नाही.

आकडे स्पष्ट काळे असतील तर धुण्यात काही चुकलेलं नाही, निश्चिंत राहा. फिल्मपर्यंत प्रकाशच पोहोचला नाही. अशा वेळी दहापैकी नऊदा फिल्म पुढे सरकलेलीच नसते असं मी धरून चालते. रोल भरताना फिल्मचं टोक, ती गुंडाळून घेणाऱ्या चक्रीतून निसटतं. तुम्ही लिव्हर ओढत राहता, शटरचा आवाज येत राहतो, वरचा आकडाही पुढे जातो, आणि फिल्म डब्यातच बसून राहते. पुढच्या वेळी रोल भरून झाकण लावलंत की डावीकडची रिवाइंडची कळ बाणाच्या दिशेने अलगद फिरवा. जरासं फिरून ती घट्ट लागेल, आतला ढिलेपणा निघाला. आता लिव्हर ओढा आणि त्या कळीकडे बघा. ती उलट्या दिशेने फिरली तर फिल्म सरकते आहे. नाही फिरली तर झाकण उघडून पुन्हा भरा. अजून काहीच वाया गेलेलं नाही. मी अजूनही प्रत्येक रोलच्या पहिल्या दोन-तीन फोटोंना त्या कळीवर नजर ठेवते.

कळ नीट फिरत होती याची खात्री असेल, तर शटर तपासा. फिल्म नसताना मागचं झाकण उघडा, लेन्स उजेडाकडे करा, ३०ला एक (सेकंदाचा तिसावा भाग) या वेगावर ठेवून दाबा. आरपार उजेड चमकला पाहिजे. मग ५००ला एक आणि १०००ला एक बघा, कारण जुन्या शटरचे वरचे वेग आधी दगा देतात.

आता दुसरी शक्यता. कडेचे आकडेही नसतील तर कॅमेऱ्याला सोडून द्या, गोष्ट टाकीत बिघडली आहे. एक तर डेव्हलपर मेलेला होता, नाही तर फिक्सर आधी ओतला गेला. फिक्सरचं कामच असं की जे सिल्व्हर हॅलाइड डेव्हलप झालेलं नाही ते विरघळवून टाकायचं. तो आधी गेला तर फोटो, आकडे, सगळं धुऊन निघतं आणि मग कोणताही डेव्हलपर ते परत आणू शकत नाही. दोन्ही द्रावणं पाण्यासारखी दिसतात, म्हणून बाटल्याच वेगळ्या ठेवा. माझ्याकडे डेव्हलपर कायम तपकिरी बाटलीत आणि फिक्सर पांढऱ्या कॅनमध्ये असतो. डेव्हलपर जिवंत आहे का हे बघायचं तर रोल सुरू करण्याआधी फिल्मच्या बाहेर आलेल्या टोकाचा छोटा तुकडा कापून उजेडातच थोड्या डेव्हलपरमध्ये टाका. काही मिनिटांत तो काळा व्हायला हवा. नाही झाला तर त्यात रोल घालू नका.

ज्यांची निगेटिव्ह कोरी नाही पण फिकी आहे, त्यांनीही हीच खूण वापरावी. आकडे ठळक आणि फोटो फिके, सावलीतले तपशील गायब, तर फोटो काढताना प्रकाश कमी पडला. आकडेही फिके, फोटोही फिके, तर डेव्हलपिंग कमी झालं: वेळ कमी, पाणी गार किंवा द्रावण थकलेलं. कडांसकट सगळीच पट्टी काळी असेल तर फिल्मला कुठेतरी उघडा उजेड लागला. माझ्या डार्करूमच्या भिंतीवर अशा वेगवेगळ्या पट्ट्या शेजारीशेजारी लावून ठेवल्या आहेत, आणि नवीन शिकायला येणाऱ्याला मी कॅमेरा हातात देण्याआधी त्यांच्यासमोर उभं करते.

प्रश्न : ताई, मी अकरावीत आहे. चेंजिंग बॅगेत, म्हणजे हात घालून काम करायच्या अंधाऱ्या पिशवीत, रिळावर फिल्म चढवताना ती मध्येच अडकते. जोर लावला तर कुरकुर आवाज येतो. धुतल्यावर काही फोटोंवर काळ्या चंद्रकोरी दिसल्या. लाल दिवा लावून केलं तर चालेल का?

लाल दिवा अजिबात नको. तो दिवा कागदावर प्रिंट करताना चालतो, कारण त्या कागदाला लाल रंग दिसत नाही. आजच्या बहुतेक कृष्णधवल फिल्म पँक्रोमॅटिक असतात, म्हणजे त्यांना लालसकट सगळे रंग दिसतात. रोल रिळावर चढून टाकीचं झाकण बसेपर्यंत पूर्ण अंधारच हवा.

त्या चंद्रकोरी म्हणजे फिल्मला पडलेल्या घड्या. फिल्म दुमडली की त्या जागी दाब पडतो आणि तिथे काळी कोर उमटते. तुझ्या कानाला आलेला कुरकुर आवाज तोच होता, म्हणजे तुझं लक्ष बरोबर ठिकाणी आहे. तो आवाज आला की जोर लावायचा नाही, लगेच थांबायचं.

अडकण्याचं पहिलं कारण ओलावा. प्लॅस्टिकचं रीळ जरासं ओलं असलं तरी फिल्म त्याच्या खाचेत चिकटते. आदल्या दिवशी धुतलेलं रीळ वरून कोरडं वाटतं, पण ज्या दोन लहान गोळ्यांनी फिल्म पकडली जाते त्यांच्याखाली पाणी राहतं. ते झटकून, पूर्ण वाळवूनच घे. रीळ हलवल्यावर गोळ्या मोकळ्या खुळखुळल्या पाहिजेत. दुसरं कारण फिल्मचं टोक. ते सरळ काप, छिद्राच्या मधून न कापता दोन छिद्रांच्या मधोमध, आणि दोन्ही कोपरे कात्रीने किंचित गोल कर. टोकदार कोपराच खाचेत रुततो.

तिसरं कारण तुझे हात. बॅगेत हात घालून दहा मिनिटं झटापट केली की आत घाम साचतो आणि मग काहीच सरकत नाही. अशा वेळी फिल्म आणि रीळ आहे तसं टाकीत ठेव, मधली नळी आत आहे ना ते चाचपून बघ, झाकण लाव आणि हात बाहेर काढ. टाकी बंद असली की बॅग उघडली तरी फिल्म सुरक्षित आहे. हात पुसून, बॅग वाळवून, अर्ध्या तासाने पुन्हा बस. घाई करायला लावणारं इथे कोणीही नाही.

आणि सराव कर. खराब झालेला एक रोल यासाठीच ठेव. आधी उजेडात बघत, मग डोळे मिटून, मग बॅगेत. डोळे मिटून सलग जमायला लागलं की खरा रोल घे. बोटांना एकदा समजलं की ते विसरत नाहीत.

प्रश्न : पुस्तकात सगळ्या वेळा २० अंश सेल्सियसच्या दिल्या आहेत. माझ्याकडे उन्हाळ्यात नळाचं पाणीच २८-२९ अंश असतं. डेव्हलपरमध्ये बर्फ टाकला तर चालेल का?

डेव्हलपरमध्ये नको, त्याने द्रावण पातळ होतं आणि किती पातळ झालं ते कळतही नाही. बर्फ बाहेरून लावा. मोठ्या भांड्यात गार पाणी आणि बर्फाची बंद पिशवी ठेवा, त्यात द्रावणाच्या बाटल्या उभ्या करा आणि थर्मामीटर डेव्हलपरमध्ये ठेवून वाट बघा.

पण २० लाच आलं पाहिजे असा हट्ट नको. कृष्णधवल फिल्म २४ अंशापर्यंत आनंदाने धुतली जाते, फक्त वेळ कमी करायची. ढोबळ हिशेब असा की एक अंश वाढला की वेळ साधारण दहा टक्क्यांनी कमी. उदाहरण घेते. एचपी५ प्लस ही फिल्म ४०० आयएसओवर (आयएसओ म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा) काढली आणि आयडी-११ हा डेव्हलपर पाणी न मिसळता वापरला, तर २० अंशाला साडेसात मिनिटं लागतात. २४ अंशाला ती जेमतेम पाच होतात. पाच मिनिटांच्या खाली मी जात नाही, कारण ओतायला आणि काढायला लागणारे सेकंदही मग हिशेबात येतात आणि आकाशासारख्या सपाट जागी पट्टे दिसू लागतात. म्हणून उन्हाळ्यात मी तोच डेव्हलपर एकास एक पाणी घालून वापरते. २० अंशाला त्याची वेळ १३ मिनिटं, २४ला साडेआठ-नऊ. हातात वेळही राहतो आणि हे द्रावण एकदा वापरून टाकून द्यायचं असल्यामुळे दर वेळी ताजं मिळतं.

पुढची द्रावणं आणि धुण्याचं पाणी डेव्हलपरच्या दोन-तीन अंशांच्या आत असू द्या. २० अंशाच्या डेव्हलपरमधून काढून एकदम ३० अंशाच्या पाण्याखाली धरू नका. फिल्मवरचा जिलेटिनचा थर नाजूक असतो, मोठ्या फरकाने त्याला बारीक सुरकुत्या पडू शकतात आणि त्या जात नाहीत.

टाकी हलवण्याची पद्धत मात्र एकच ठरवा आणि कधी बदलू नका. मी पहिल्या दहा सेकंदांत टाकी चारदा उलटीसुलटी करते आणि पुढे प्रत्येक मिनिटाच्या सुरुवातीला पुन्हा चारदा. उलटवून झाल्यावर टाकी दोनदा टेबलावर आपटायची, म्हणजे फिल्मला चिकटलेले हवेचे बुडबुडे सुटतात. बुडबुडा राहिला तर तिथे डेव्हलपर पोहोचत नाही आणि प्रिंटवर गडद टिपका येतो.

रंगीत रोलला हा मोकळेपणा नाही. सी-४१ पद्धतीत डेव्हलपर ३८ अंशाच्या आसपास आणि वेळ सव्वातीन मिनिटं, त्यात सूट जवळजवळ नाही. आधी कृष्णधवलवर हात बसू द्या.

प्रश्न : सुरुवात करायला कोणती फिल्म आणि कोणता डेव्हलपर घ्यावा? दर जाणकार वेगळं सांगतो.

४०० आयएसओची कोणतीही जुनी, नावाजलेली कृष्णधवल फिल्म घ्या, एचपी५ प्लस किंवा ट्राय-एक्स. ट्राय-एक्स ३५ मिमीमध्ये १९५४ पासून मिळते. डेव्हलपर डी-७६ किंवा आयडी-११. दोन्हींचं सूत्र जवळजवळ एकच आहे आणि डी-७६ तर १९२७ पासून वापरात आहे. इतक्या लोकांनी इतकी वर्षं वापरलेल्या जोडीचा फायदा हा की तिच्या वेळा पक्क्या ठाऊक आहेत. मग ती जोडी सोडू नका. दर रोलला नवी फिल्म आणि नवा डेव्हलपर घेतला तर निगेटिव्हमधला फरक कशामुळे आला ते कधीच कळणार नाही. वहीत रोलचं नाव, तापमान, मिनिटं एवढं लिहा, आणि वाळलेल्या निगेटिव्हकडे बघून एक ओळ.

प्रश्न : धुतल्यावर निगेटिव्ह दुधाळ दिसते. काही ठिकाणी जांभळट झाकही आहे. रोल वाया गेला का?

नाही. दुधाळपणा म्हणजे फिक्सिंग अर्धवट राहिलं, सिल्व्हर हॅलाइड अजून फिल्ममध्ये आहे. ताजा फिक्सर करा, निगेटिव्ह पुन्हा त्यात बुडवा, हे उजेडातही चालतं. मग नीट धुवा. असंच ठेवलंत तर मात्र ती काळाच्या ओघात खराब होईल.

फिक्सर पुरेसा ताकदवान आहे का हे बघण्याची रीत सोपी आहे. फिल्मचा न धुतलेला तुकडा उजेडात फिक्सरमध्ये टाका आणि घड्याळ लावा. तो पूर्ण पारदर्शक व्हायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ फिक्सिंगला द्या. टी-मॅक्स आणि डेल्टा जातीच्या फिल्म असतील तर तिप्पट धरा. नव्या फिक्सरला लागलेला वेळ बाटलीवर लिहून ठेवा. पुढे वेळ त्याच्या दुप्पट लागायला लागला की तो फिक्सर संपला.

जांभळट झाक फिल्ममधल्या रंगद्रव्याची असते, काही फिल्मना ती जास्त येते. पुरेसं फिक्सिंग आणि भरपूर धुणं याने बहुतेक जाते, थोडी उरली तरी फोटोला धोका नाही.

संपलेला फिक्सर मोरीत ओतू नका, हे कळकळीने सांगते. तुमच्या रोलमधली विरघळलेली चांदी त्यात असते आणि ती पाण्यातल्या जिवांना घातक आहे. कॅनमध्ये साठवा आणि रासायनिक कचरा घेणाऱ्यांकडे किंवा अजून रोल धुणाऱ्या एखाद्या लॅबकडे द्या. कामाची भांडी, मोजमापं स्वयंपाकघरात परत जाता कामा नयेत. हातमोजे घाला; मेटॉल असलेल्या डेव्हलपरने काहींच्या त्वचेला पुरळ येतं आणि ते एकदा आलं की पुढे दर वेळी येतं.

प्रश्न : माझ्या १९६०च्या दशकातल्या कॅमेऱ्याचा मीटर नवी बॅटरी घालूनही चुकीचा आकडा दाखवतो.

त्या काळच्या बऱ्याच मीटरना १.३५ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी लागायची, ती आता बनत नाही. आजची अल्कलाइन दीड व्होल्टची असते आणि वापरता वापरता तिचा दाबही उतरत जातो. श्रवणयंत्रात वापरतात ती ६७५ क्रमांकाची झिंक-एअर बॅटरी १.४ व्होल्टची, बरीच जवळची आणि स्थिर. आकाराने लहान आहे म्हणून भोवती रबराची कडी लागते. तोवर मीटरवाचून काढा. लख्ख उन्हात लेन्सचं छिद्र एफ/१६ वर (आकडा मोठा तितकं छिद्र लहान) आणि शटर फिल्मच्या आयएसओइतकं, म्हणजे ४०० ला ५००ला एक. ढग आले की एफ/८, मोकळ्या सावलीत एफ/५.६ किंवा एफ/४. शंका आली तर निगेटिव्ह फिल्मला थोडा जास्तच प्रकाश द्या. जास्तीचा ती सोसते, कमी पडला तर सावलीत काही उरत नाही.

प्रश्न : बाबा गेल्यावर त्यांच्या कपाटात कॅमेरा सापडला. आत रोल आहे, वरचा आकडा १९ दाखवतो. किती वर्षांचा असेल माहीत नाही. माझा पहिलाच रोल म्हणून हा धुवू का?

हा पहिला रोल म्हणून धुवू नका. त्यात काय असेल ते तुम्हालाही माहीत नाही आणि तो पुन्हा मिळणार नाही.

आत्ता एवढंच करा. मागचं झाकण उघडू नका. कॅमेऱ्याच्या बुडाशी लहान बटण असेल ते दाबा, रिवाइंडची कळ उघडा आणि बाणाच्या दिशेने अगदी सावकाश फिरवा. जुनी फिल्म कडक झालेली असते, शिवाय कोरड्या हवेत झपाट्याने गुंडाळली तर स्थिर विजेच्या ठिणग्यांचे डाग पडतात. कळ एकदम सैल होईपर्यंत फिरवा, मग अंधाऱ्या खोलीत झाकण उघडून डबा काढा. काळ्या डबीत बंद करून थंड, कोरड्या जागी ठेवा. इतकी वर्षं थांबलेला रोल आणखी काही महिने थांबेल.

मग डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. कृष्णधवल असेल तर आशा चांगली. चित्र थोडं फिकं झालेलं असेल आणि पूर्ण फिल्मवर राखाडी झाक चढलेली असेल, पण चेहरे ओळखू येण्याइतकं बरेचदा मिळतं. अशा रोलला एचसी-११० सारखा झाक कमी आणणारा डेव्हलपर चांगला. सी-४१ लिहिलं असेल तर रंग बिघडलेले असणार. फार जुना असला तर तो कृष्णधवल डेव्हलपरमध्ये धुवावा असं मी सुचवेन. रंग जातील, माणसं दिसतील. कोडाक्रोम ही जुनी रंगीत स्लाइडची फिल्म निघाली, तिच्यावर बहुधा के-१४ हे प्रक्रियेचं नाव लिहिलेलं असतं, तर तिची रंगीत प्रक्रिया जगात २०१० च्या अखेरीनंतर थांबली. तीही आता कृष्णधवल म्हणूनच धुता येते.

तोपर्यंत तुम्ही स्वतःचे चार-सहा रोल धुवून हात बसवा. तरी मन धजावलं नाही तर जुने रोल नेहमी धुणाऱ्या माणसाकडे द्या, त्यात काही कमीपणा नाही. आणि डब्यावरची सगळी अक्षरं, आकडे, डब्याचा रंग हे मला लिहून कळवा. त्यावरून फिल्म कोणती आणि साधारण कोणत्या काळातली ते ठरवू, आणि मिनिटांचा हिशेब तुम्हाला पुढच्या अंकात देते.